मामा तळं बघायला आले

मी एक जुनी काहील आहे. काहील म्हणजे गुऱ्हाळावर उसाचा रस उकळायची लोखंडी कढई. तुमच्या घरातली भज्यांची कढई माझ्याशेजारी ठेवली, तर ती माझ्या पणतीच्या भातुकलीतली वाटेल. सध्या मी कंधारला जगत्तुंग तलावाच्या काठी, एका बाभळीखाली उपडी पडलेली असते. येणारे-जाणारे माझ्यावर बसून डबा खातात. सहलीला आलेल्या एका गुरुजींनी मुलांना सांगितलं, की ही राजाच्या काळातली ढाल असावी. ज्याची ढाल एवढी तो राजा केवढा असेल, याचा हिशेब ती मुलं गावाला जाईपर्यंत करत बसली असतील.

मित्रांनो, माझी खरी गोष्ट याहून मोठी आहे. तिच्यात थोडं खोटंही आहे. पण रस उकळताना चिमूटभर चुना टाकावाच लागतो, नाहीतर गुळाची ढेप नीट बसत नाही.

माझा जन्म लातूरचा. जाड पत्र्याचे तुकडे एकमेकांवर चढवून, रिबिटा ठोकून मला घडवलं. ठोकण्याचा आवाज एवढा झाला, की औशापर्यंतचे कोंबडे भरदुपारी आरवले, असं म्हणतात. म्हणणारी मीच. मग मला मुरुडला एका शेतकऱ्याच्या गुऱ्हाळावर चुलवणात बसवलं. खाली चिपाडांचा जाळ, वर मी, माझ्या पोटात उकळता रस. गुळव्या लांब दांड्याच्या झाऱ्यानं मळी काढायचा आणि गूळ झाला की माझ्या कडांना हात जोडायचा. माझ्या गुळाचा वास सुटला की बार्शीच्या मधमाश्या पत्ता न विचारता यायच्या.

त्या शेतकऱ्याला दोन लेकरं होती. मोठा अण्णाराव आणि धाकटी केवळा. अण्णाराव कामाला वाघ, पण मानाचा भारी भुकेला. काकवीची पहिली वाटी त्याला मिळाली नाही, तर तो चिपाडाच्या ढिगामागं जाऊन बसायचा. भांडायचा नाही, रडायचा नाही. नुसती पाठ करून बसायचा. मग केवळा वाटी घेऊन त्याच्या पुढं जायची, तो दुसरीकडं वळायचा, ती पुन्हा पुढं जायची. असं ढिगाला दोन-चार फेरे झाले की वाटी रिकामी व्हायची. कुणी किती खाल्लं, ते त्या दोघांनाच माहीत.

पुढं ऊस थेट कारखान्याला जाऊ लागला. चुलवण गार पडलं. मला भिंतीला टेकवून ठेवलं आणि माझ्या आडोशाला कोंबड्या अंडी घालू लागल्या. ज्या पोटात गूळ शिजला त्या पोटाशी कोंबड्या! पण मी तक्रार केली नाही. लोखंडानं तक्रार केली की त्याला गंज म्हणतात.

केवळाबाईचं सासर कंधारचं. तिचं घर तलावाच्या काठच्या वस्तीवर. जनावरांना पाणी पाजायला काहीतरी मोठं भांडं पाहिजे, असं ती एकदा माहेरी बोलून गेली आणि अण्णारावानं दुसऱ्याच दिवशी मला ट्रॉलीत उपडी घालून पाठवून दिलं. वाटेत चाकूरला आणि अहमदपूरला लोक हात जोडत होते. कुठल्यातरी देवळाचा घुमट चाललाय, असं त्यांना वाटलं. मीही दोन्हीकडं आशीर्वाद देत आले.

कंधार हे जुन्या राजांचं गाव. किल्ला आहे, किल्ल्याभोवती पाण्याचा खंदक आहे, आणि गावालगत हा जगत्तुंग तलाव. काही वर्षं मी त्याच्या काठी म्हशींची तहान भागवली. मग एका पावसाळ्यात तलावाचं पाणी गोठ्यापर्यंत चढलं आणि सकाळी मी तरंगताना सापडले. बुडाले नाही, तेव्हा लोकांच्या लक्षात आलं, की ही कढई नाव आहे. सगळ्यांत आधी कोंडाबाईच्या लक्षात आलं.

कोंडाबाई ही शेजारच्या वस्तीवरची. तळ्यातले शिंगाडे काढायचं तिचं काम. पूर्वी ती फुगवलेल्या ट्यूबवर बसून जायची. केवळाबाईला विचारून तिनं मला पाण्यात लोटलं, आत एक पाट टाकला आणि हातात बांबू घेतला. तेव्हापासून माझं दुसरं आयुष्य सुरू झालं. शिंगाडे भरले की मी हिरवीगार दिसायचे. माझ्या अंगात मुरलेल्या गुळाचा अंश पाण्यात उतरायचा आणि मासे रांगेनं मागं यायचे. पूर्वेच्या अंगाच्या माशांना त्यामुळं शुगर झाली, असं कोंडाबाई गिऱ्हाइकांना सांगते. मी तिला हे शिकवलेलं नाही.

हळूहळू किल्ला बघायला येणारे पाहुणेही मला हात करू लागले. किल्ला झाला, खंदक झाला, आता तळं मधून बघायचं, असं म्हणत ते येऊन बसायचे. माझी एक खोड त्यांना आधी माहीत नसायची. मी गोल. मला पुढचं-मागचं नाही. बांबू डावीकडं टेकवला की मी उजवीकडं फिरते, उजवीकडं टेकवला की डावीकडं. पुढं सरकते तीसुद्धा गिरक्या घेत. माझ्यात बसलेल्याला मान वळवावी लागत नाही. एका जागी बसून त्याला किल्ला दिसतो, मग बांध, मग देऊळ, मग परत किल्ला. नांदेडचे एक पाहुणे उतरल्यावर म्हणाले, की कंधारला तीन किल्ले आहेत. कोंडाबाईनं त्यांची मोजणी दुरुस्त केली नाही.

आता आरतीच्या लग्नाची गोष्ट सांगते. त्या दिवसासारखं ओझं मी ना रसाचं उचललं, ना शिंगाड्यांचं.

आरती ही केवळाबाईची लेक. शाळेसाठी ती मुरुडला मामाकडं राहिली. तिला सायकल शिकवली अण्णारावांनी, बारावीच्या परीक्षेला सेंटरबाहेर उन्हात उभे राहिले तेही अण्णारावच. (आता ते मोठे झाले होते, म्हणून मीही त्यांना अहो-जाहो करते.) आपल्याकडं मामा भाचीला बोहल्यावर आणतो आणि अक्षता पडेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो, हे तुम्हाला माहीतच आहे. आरतीनं महिनाभर आधी सांगून ठेवलं होतं, की मामा पाठीशी नसतील तर मी पाटावर पाय ठेवणार नाही.

तुळशीचं लग्न होऊन गेलं होतं. तळं काठोकाठ होतं. काठालगतच्या रानात मांडव घातला होता. नवरदेव रामलिंग लातूरहून वऱ्हाड घेऊन आला होता. अण्णाराव आदल्या दिवशीच येऊन कामाला लागले होते. पाण्याचा टँकर त्यांनी आणवला, वांग्याच्या भाजीचं मीठ त्यांनी बघितलं, जनरेटरवाल्याला दम त्यांनीच दिला.

गडबड झाली ती फेट्यांची. आरतीचे वडील शेषेराव हे भिडस्त माणूस. कुणी पुढारी मांडवात आला की बांध फेटा, माजी पुढारी आला की बांध फेटा, पुढाऱ्याचा ड्रायव्हर दिसला तरी बांध फेटा. त्यात नवरदेवाचे मित्र गॉगल लावून आले. त्यांना फेट्यात फोटो काढायचे होते. फेटे बांधणारा एका मागोमाग एक बांधत गेला. अण्णाराव हात धुऊन, नवं धोतर नेसून मांडवात आले, तेव्हा फेट्यांची पेटी रिकामी होती. फेटेवाल्यानं त्यांच्या हातात एक पांढरी टोपी आणि टॉवेल दिला. आणि नेमकं त्याच वेळी माइकवाला वैजनाथ ओरडला, की राहिलेल्या पाहुण्यांनी टोपी-टॉवेल घेऊन पंगतीला चलावं.

मुलीचा सख्खा मामा राहिलेल्या पाहुण्यांत निघाला.

अण्णारावांनी टोपीकडं बघितलं. ती घडी न मोडता एका खुर्चीवर ठेवली. वर टॉवेल ठेवला. काय झालं म्हणून शेषेराव धावत आले, तर ते शांतपणे म्हणाले, “काय न्हाई. मी लग्नाला आलोच न्हाई, दाजी. राजाच्या गावची तळी बघाया आलोय.”

आणि ते खरोखर तळी बघायला निघाले.

आधी जीप काढून ते किल्ल्यावर गेले. हे मी ऐकलेलं सांगते. खंदकाच्या पाण्याकडं ते असे बघत होते, जसं काही ते त्यांच्याच नावावर करायचं राहिलं होतं. मागून केवळाबाई रिक्षानं पोचली. लग्नाचं नऊवारी, अंगावर दागिने, कपाळाला घाम. ती भावाच्या पुढं जाऊन उभी राहिली, तर ते दुसरीकडं वळून खंदक किती खोल असेल याची चौकशी करू लागले. तिथून ते बारूळच्या धरणाकडं निघाले होते. तेही पाणी बघण्यासारखं आहे, असं कीर्तनकारासारखं शांतपणे सांगत. पण शेषेरावांनी जीपला आडवी मोटारसायकल घातली. तेव्हा अण्णाराव गाडीतून उतरले, पायीच काठापर्यंत आले आणि सरळ माझ्यात येऊन बसले.

कोंडाबाईला लग्नाचं आवतन होतं. नवं लुगडं नेसून ती अक्षतांची वाट बघत काठावर बसली होती.

“बाई, जरा तळं दाखवा,” अण्णाराव म्हणाले.

“पाव्हणं, तिकडं लगीन लागून राहिलं की.”

“लगीन त्येंच्या घरचं. ही काहील माझ्या बापाची हाय. मी हिच्यात कवाबी बसंल.”

कोंडाबाईनं लुगड्याचा काचा मारला, बांबू घेतला आणि मला लोटलं. वाद घालून माणूस उतरत नाही, हे तिला माहीत होतं. आम्ही पाण्यात बांबूच्या टप्प्याइतक्या आत गेलो. अण्णाराव मांडवाकडं पाठ करून बसले.

आणि मी फिरले.

मी आपणहून फिरले, की कोंडाबाईनं फिरवलं, हे मी सांगणार नाही. अण्णारावांच्या समोर आता मांडव होता. काठावर बहीण उभी, दाजी उभे, फेटे घातलेले सगळे उभे. अण्णाराव सरकून पलीकडच्या बाजूला गेले आणि पुन्हा पाठ करून बसले. तोवर मी आणखी फिरले. पुन्हा मांडव समोर. ते उठून इकडं आले. मी कलले, हेलकावले आणि त्यांना पुन्हा काठासमोर आणून ठेवलं. भरल्या वजनाचा माणूस काहिलीत घड्याळाच्या काट्यासारखा फिरत होता.

“बाई, सरळ न्या की जरा,” ते वैतागून म्हणाले.

“सरळ कशी नेऊ? हिला तोंडच न्हाई. तोंड असतं तर हिनंबी तुमच्यावानी फिरवून घेतलं असतं.”

काठावर मनधरणी चालू झाली होती. शेषेरावांनी हात जोडले आणि सगळी चूक आपली म्हणून सांगितलं. अण्णाराव त्यावर, हा तलाव बांधणाऱ्या राजाला मान-पान कळत असणार, आधी मामाला विचारूनच त्यानं कुदळ मारली असणार, असं पाण्याला ऐकवत राहिले. मग नवरदेवाच्या एका मित्राला कळवळा आला. त्यानं डोक्यावरचा फेटा अलगद काढला, अगदी बांधला तसाच, आणि दोन्ही हातांवर धरून गुडघाभर पाण्यात आला. पोरगं चांगलं होतं. पण उतरलेला फेटा दुसऱ्याच्या डोक्याला चालत नाही, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. जुन्या माणसांनी कपाळाला हात लावले. अण्णाराव म्हणाले, “घ्या. मघाशी टोपी होती, आता उष्टं आलं.”

त्यात वैजनाथानं माइक हातात घेतला. वधूचे मामा जिथं असतील तिथून त्यांनी तात्काळ बोहल्यावर यावं, ही नम्र विनंती. ते कुठं आहेत हे एव्हाना पलीकडच्या बांधावरच्या गुराख्यांनाही दिसत होतं. भटजी घड्याळ बघून लोकांकडं आणि लोकांकडं बघून घड्याळाकडं बघत होते. मुहूर्त सरत आला होता. वऱ्हाडातली माणसं कुजबुजू लागली, की मुलीकडच्यांचंच जमत नाही तर आपण कुठवर थांबायचं. केवळाबाईच्या कानावर ते गेलं. तिनं भावाला हाक मारायची सोडली आणि पदर तोंडाला लावून खाली बसली.

मित्रांनो, अण्णारावांनाही ते दिसलं. मी त्यांना दाखवलं. उठायची इच्छा त्यांना झाली होती, त्यांचं वजन पाटावरून किंचित हललेलं मला कळलं. पण एवढ्या लोकांसमोर रुसलेल्या माणसाला आपणहून उठता येत नाही. त्याच्या पायाखाली कुणीतरी पायरी ठेवावी लागते.

तेवढ्यात मांडवातून आरती आली. मामानं आणलेली पिवळी साडी, मुंडावळ्या, हातात हिरवा चुडा. बरोबर करवली दिवा घेऊन पळत होती. आरती पाण्याच्या कडेपर्यंत आली. तिनं मामाकडं एकदा बघितलं. हाक मारली नाही, हात जोडले नाहीत, रडलीही नाही. ती वळली आणि तळ्याकडं पाठ करून उभी राहिली.

मला वाटलं, झालं, आता हीही रुसली. घराण्याचीच चाल.

पण ती मांडवाकडं तोंड करून म्हणाली, “वैजूकाका, अंतरपाट इकडं घेऊन या. नवरदेवाला बी इथंच आणा. मी अशी उभी राहते.”

“अगं, पर मामा?” केवळाबाई म्हणाली.

“मामाला तळं बघायचंय. बघू दे. त्येंच्या बदली तळंच माझ्या पाठीशी उभं राहील.”

ती तशीच उभी राहिली. खांदे सरळ, पदर नीट, आणि तिच्या मागं कुणी नाही. नुसतं पाणी. एक माणूस मावेल एवढी जागा तिनं काठावर मोकळी सोडली होती, आणि मुद्दाम सोडली होती.

मी फिरले. अण्णारावांपुढं किल्ला आला. ते किल्ला बघेनात. मी आणखी फिरले. बांध आला, देऊळ आलं. मग पुन्हा ती पिवळी पाठ. या वेळी ते सरकले नाहीत. सबंध सकाळ ते सगळ्यांना आपली पाठ दाखवत फिरत होते. आता त्यांच्यासमोर एक पाठ होती, आणि तिच्याकडं नुसतं बघत बसणं त्यांना जमेना.

“कोंडाबाई,” ते हळू म्हणाले, “काठाला घ्या.”

“तळं बघून झालं?”

“झालं.”

कोंडाबाईनं बांबू टेकवला. पण मी काही सरळ जाणारी नव्हे. मी नेहमीप्रमाणं गिरकी घेत निघाले, आणि अण्णारावांना तेवढा धीर निघाला नाही. ते कडेवरून सरळ पाण्यात उतरले. कमरेएवढं पाणी होतं. ते उतरताच मी हातभर वर आले, एवढं ते ओझं होतं. नव्या धोतराचा फुगा झाला, एक चप्पल चिखलात राहिली, ती अजून तिथंच असेल. ते पाणी कापत काठाला लागले, वर चढले आणि भाचीच्या मागं त्या मोकळ्या जागेत जाऊन उभे राहिले. डोकं उघडं, अंगातून पाणी निथळतंय.

आरती मागं वळली नाही. फक्त म्हणाली, “मामा, साडी भिजंल. पर जवळ या.”

मग सगळं काठावरच झालं. रामलिंगाला आणलं, अंतरपाट धरला. फेटेवाले, बिनफेट्याचे, सगळे मांडव सोडून पाण्याच्या कडेला आले. मंगलाष्टकं चालू असताना केवळाबाई भावाच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि पदरानं त्यांचं डोकं पुसू लागली. ते नको म्हणाले नाहीत. अक्षता पडल्या त्यातल्या निम्म्या माझ्यात पडल्या. मासे पुन्हा मागं लागले.

असं हे माझं आयुष्य. आता माझ्या तळाला एके ठिकाणी पत्रा पातळ झालाय आणि दोन रिबिटा सुटल्यात, म्हणून कोंडाबाईनं मला पाण्याबाहेर काढलं. डांबर लावायचं सगळे म्हणतात. हे दुरुस्त करायला मोठा कारागीर लागत नाही. एक दुपार लागते आणि कुणालातरी आठवण व्हावी लागते. अण्णाराव दिवाळीला आले की माझ्यावर हात ठेवून उभे राहतात आणि पुढच्या खेपेला डांबर आणतो म्हणतात. मी त्यांच्यावर रुसत नाही. मला पाठच नाही, रुसणार कशी?

मित्रांनो, तुम्ही राजाच्या गावची तळी बघायला जरूर या. खंदक बघा, बांध बघा, बारूळचं पाणी बघा. डबा खा, पण पिशव्या पाण्यात टाकू नका, मासे त्या गूळ समजून खातात. मला उपडीच राहू द्या, पोटात पाणी साचलं की मी आतून गंजते. आणि कुणाला वेळ असेल तर येताना जरा डांबर घेऊन या. मी तुम्हाला तळ्याच्या मधोमध नेईन. तुमच्यात कुणी घरून रुसून आलेलं असेल, तर त्याला पाटाच्या बरोबर मध्ये बसवा. कडेला बसवू नका. त्याला काठाला आणेपर्यंत मला तरंगायचं असतं.